क्रूझला ‘दाब’ ठेवायचा की ‘शक्ती’?

प्रश्न असा आहे: विमान चालवायला शिकणाऱ्या मुलांसाठी मराठीत टिपण करताना ‘क्रूझ पॉवर ७५ टक्के’ याचे ‘क्रूझला दाब ७५ टक्के ठेवा’ असे केले, कारण काटा दाबाचा असतो. चालेल का? (‘क्रूझ’ म्हणजे चढ संपल्यावरचे सपाट, स्थिर उड्डाण.)

नाही चालणार. इथे शब्द चुकला की काम चुकते.

इंजिन बंद करून बारामतीला उभ्या असलेल्या विमानातला मॅनिफोल्ड प्रेशरचा, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या दाबाचा, काटा पाहा. तो पाऱ्याचे सुमारे २८ इंच दाखवतो, कारण आत बाहेरचीच हवा भरलेली असते. दाब भरपूर, शक्ती शून्य. इंजिन सुरू होऊन मंद फिरू लागले की हाच काटा उलट निम्म्याच्याही खाली येतो. शक्ती ठरते ती दाब आणि इंजिनाचे मिनिटाचे फेरे या जोडीने. २३ इंचांवर २२०० फेरे ठेवले तर एक शक्ती, २४०० ठेवले तर जास्त. म्हणून विमानाच्या पुस्तिकेत दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिलेले असतात.

शिवाय आपली मुले बहुतेक सेसना १७२ वर शिकतात. तिच्या पंख्याची पाती एकाच कोनात पक्की बसवलेली असतात, त्यामुळे शक्ती फक्त फेऱ्यांवरून लावतात आणि दाबाचा तो काटा सहसा नसतोच. ‘दाब ठेवा’ वाचून मुलगा पॅनेलवर काय शोधणार?

‘शक्ती’ हा शब्द शाळेच्या विज्ञानातून सगळ्यांच्या ओळखीचा आहे आणि ‘अश्वशक्ती’त तो बसलेलाच आहे. ‘ऊर्जा’ नको, ती पेट्रोलमध्ये असते. ‘इंजिनाचा जोर’ बोलायला छान, पण टक्क्यांशी जमत नाही. ‘क्रूझ’ मात्र तसाच ठेवा. शब्दकोशातले ‘समुद्रपर्यटन’ इथे निरुपयोगी आहे.

टक्के कशाचे, हेही टिपणात एकदा लिहाच. सेसना १७२ च्या ‘एस’ प्रकाराचे इंजिन २७०० फेऱ्यांना १८० अश्वशक्ती देते, म्हणजे ७५ टक्के झाले १३५ अश्वशक्ती. मुले इथे हटकून फेऱ्यांचे ७५ टक्के काढतात. ते येतात २०२५, आणि तेवढ्यावर निम्मीही शक्ती मिळत नाही. त्यात उंची वाढली की हवा विरळ होते आणि त्याच फेऱ्यांवर टक्के आणखी घसरतात. म्हणून दर वेळी उंची आणि तापमान पाहून पुस्तिकेतल्या तक्त्यातून फेरे काढायचे.

मी ते वाक्य असे लिहीन: ‘चढ संपल्यावर विमान सपाटीला आणा, वेग वाढू द्या, मग तक्त्यातून ७५ टक्के शक्तीचे फेरे पाहून थ्रॉटल तेवढे मागे घ्या आणि पुस्तिकेप्रमाणे मिक्श्चर लीन करा.’ ‘मिक्श्चर’ म्हणजे हवा-पेट्रोलचे मिश्रण. ‘लीन’चे ‘पातळ’ करू नका. पेट्रोल पातळ होत नाही, हवेच्या मानाने कमी होते.