जपानमध्ये घराजवळच्या छोट्या बेकरीत किंवा मिठाईच्या दुकानात गेल्यावर काय घ्यावं? मी शाकाहारी आहे, पण अंडं चालतं.

अंडं चालतं म्हणालात ना, मग अर्धं टेन्शन गेलं. मी तोक्योत निशिकासाईला राहतो, इथे आपली मंडळी भरपूर, त्यामुळे नवीन आलेला प्रत्येक जण हेच विचारतो.

पहिल्यांदा आनपान घ्या. पान म्हणजे पाव, आणि दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडूनच आलेत, त्यांना तिकडून नि आपल्याला इकडून. आन म्हणजे अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड सारण, अगदी पुरणच म्हणा, फक्त वेलची-जायफळ नाही. कोशिआन म्हणजे पुरणयंत्रातून काढल्यासारखं मऊ आणि त्सुबुआनमध्ये दाणे लागतात. हा पाव तोक्योच्या गिन्झा भागातल्या किमुराया दुकानाने १८७४ साली काढला, पीठ फुगवायला साकेसाठी (तांदळाच्या जपानी दारूसाठी) लागतं तसं तांदळाचं आंबवण वापरलं, आणि ४ एप्रिल १८७५ ला मेइजी सम्राटाला दिला तेव्हा वर खारवलेलं साकुराचं (चेरीचं) फूल होतं. आई इथे आली होती तेव्हा दोन घास खाऊन म्हणाली, पुरण चांगलंय, पण कटाची आमटी कुठाय?

करीपानपासून, म्हणजे आत करी भरलेल्या पावापासून, मात्र सांभाळून. मी पहिल्याच आठवड्यात तो तळलेला, वरून ब्रेडक्रम्स लावलेला गोळा बघितला आणि वाटलं अरे हा तर आपल्या वड्याचा भाऊ, दुकानाबाहेर उभ्याउभ्याच चावा घेतला तर आत खिमा! पाटीवर लिहिलं असणार, पण मला वाचता कुठे येत होतं. तेव्हा 'निकु हाइत्तेमास का' (मांस आहे का) एवढं पाठ करा. साध्या दिसणाऱ्या पावातही कधीकधी लार्ड (डुकराची चरबी) असतं, कडक पाळत असाल तर तेही विचारा. मेलनपानमध्ये मेलन नसतं बरं का, वर बिस्किटासारखा गोड थर असतो त्याच्यावर खरबुजाच्या सालीसारख्या चौकड्या असतात म्हणून ते नाव पडलं म्हणतात.

दारातच ट्रे आणि चिमटा असतो तो उचला, पावाला हात लावायचा नाही, आणि एकदा ट्रेमध्ये घेतलेला परत ठेवायचा नाही. काउंटरवरची बाई एकेक पाव वेगळ्या पिशवीत इतक्या झरझर भरते की बघत राहावं. तिथे बसून खाल्लं तर टॅक्स १० टक्के, घरी नेलं तर ८.

मिठाईवाल्याकडे दाइफुकु घ्या, चिकट तांदळाच्या पारीत तेच आन. त्याच दिवशी संपवा, फ्रिजमध्ये ठेवलात तर शिळ्या मोदकासारखं कडक होतं. योकान म्हणजे आनाची जेलीसारखी वडी, ती अगार (समुद्री शेवाळाचा पदार्थ) घालून करतात, त्यात जिलेटिन नसतं. मोचीला, म्हणजे तांदळाच्या मऊ मिठाईला, गुंडाळलेल्या झाडाच्या पानाचा घोळ मात्र आहे. साकुरामोचीचं खारवलेलं पान खाल्लं तरी चालतं, पण मे महिन्यातल्या काशिवामोचीचं पान आपल्या पातोळीच्या हळदीच्या पानासारखं, फक्त वासापुरतं. मी ते अर्धं चावून गिळलं, आणि दुकानातल्या आजी तोंडावर हात ठेवून हसत होत्या.

आणि हो, काउंटरजवळ पावाच्या कापलेल्या कडांची पिशवी स्वस्तात दिसली तर सोडू नका, कांदा-मिरची-मोहरी घालून फोडणीचा पाव एकदम झक्कास होतो.