शनिवारी रात्री पब की रेस्टॉरंट? सहा जणांच्या जेवणाबद्दल

प्रश्न असा आहे की नागपूरहून सासू-सासरे आणि २३ वर्षांचा भाचा येतायत, एकूण सहा जण, पिणारे दोघंच म्हणजे तुम्ही आणि भाचा, आणि शनिवारी रात्री पुण्यात बालेवाडी हायस्ट्रीटच्या एखाद्या पबमध्ये जेवायचं की सरळ रेस्टॉरंट गाठायचं. माझं स्पष्ट मत, पबमध्ये बसायला जा, जेवायला नको.

पबचं किचन दारूबरोबर काय खपतं त्यावर चालतं, म्हणजे तंदूर, फ्रायर आणि चायनीजची कढई. चिकन टिक्का, क्रिस्पी कॉर्न, पनीर चिली, फ्राईज हे तिथे संध्याकाळपासून सतत जात असतं, त्यामुळे ताजं असतं, गरम येतं आणि खरंच चांगलं लागतं, कितीतरी रेस्टॉरंटपेक्षा चांगलं. पण साडेदहाला तुम्ही दाल, रोटी आणि एखादी भाजी मागवली की सगळं अडतं, कारण बहुतेक टेबलं स्टार्टरवरच पोट भरतात, मेन कोर्सला फार उठाव नसतो, मग करून ठेवलेली लाल ग्रेव्ही गरम करून त्यात पनीर सोडलं जातं आणि रोटी येईपर्यंत ते पण गार झालेलं असतं. ग्रेव्ही रेस्टॉरंटमध्येही करून ठेवतात, नाही असं नाही, पण चालत्या रेस्टॉरंटमध्ये ती रोजच्या रोज संपते, हाच काय तो फरक आणि तो जिभेला लगेच कळतो. त्यात ज्या मेनूकार्डात पिझ्झा, सुशी, बिर्याणी आणि मिसळ सगळं एकत्र दिसतं तिथे तर मेन कोर्सच्या वाटेला जाऊच नका.

पैशाचं म्हणाल तर पबच्या प्रत्येक डिशमध्ये जागेचं भाडं, डीजे, मॅचचे स्क्रीन, बाउन्सर सगळं धरलेलं असतं. दोन-तीन तास बसणाऱ्याला ते परवडतं, पण न पिणाऱ्या चौघांनी ते का भरायचं? एका मॉकटेलच्या पैशात वैशाली हॉटेलात दोघांचा नाष्टा होतो. आणि सासऱ्यांना शेजारच्याचं बोलणं ऐकू येणार नाही ते वेगळंच.

बिल नीट बघा. खाण्यावर ५ टक्के जीएसटी दोन्हीकडे सारखाच. दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो आणि परमिट रूम, बार, पबमध्ये तो नोव्हेंबर २०२३ पासून ५ चा १० टक्के झालाय. सर्व्हिस चार्ज मात्र कर नाहीये, तो आपोआप बिलात लावायचा नाही असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते कायम ठेवलं. शांतपणे काढायला सांगा, वाद घालायची वेळ सहसा येत नाही.

पब कशासाठी गाठावा तर ताज्या बिअरसाठी. जागेवरच बिअर बनवणाऱ्या पबची पुण्यात सुरुवात डूलालीने २००९ मध्ये केली, नंतर इंडिपेंडन्स, एफिंगट आले, आणि ती बिअर जिथे बनते तिथे प्यायची मजा बाटलीत नाही. भाच्याला व्हीट बिअर नक्की पाजा, फक्त आधार कार्ड बरोबर असू दे कारण महाराष्ट्रात माईल्ड बिअर आणि वाईनला वय २१ लागतं, बाकी दारूला २५, आणि हल्ली पुण्यात गेटवरच विचारतात.

मी असं करेन. तुम्ही दोघं सात वाजता पबमध्ये, एकेक बिअर, दोन स्टार्टर, साडेआठला बाहेर, गाडी घरीच ठेवून कॅब. बाकीचे थेट बाणेर-औंधच्या एखाद्या फॅमिली गार्डन रेस्टॉरंटला, जिथे परमिट रूम वेगळी आणि फॅमिली सेक्शन वेगळा असतो. पुण्यात या जागांना लोक उगाच कमी लेखतात, पैसा वसूल जेवण तिथेच मिळतं. मसाला पापड, सुकं मटण, तंदुरी रोटी, कोणाला अजून एक बिअर हवी तर तीही पबपेक्षा बरीच स्वस्त आणि बोलता येईल इतकी शांतता.

आणि सासू-सासऱ्यांना पुण्याचं जेवण म्हणून काही खिलवायचं असेल तर ते शनिवार रात्रीवर ढकलू नका, रविवारी दुपारी दुर्वांकुर किंवा सुकांताची थाळी. एकनंतर बाहेर बराच वेळ थांबावं लागतं, बाराच्या आत पोचा.