'रेफ्रिजरेशन' हा शब्द मुलीला कसा तोडून शिकवू? (रत्नागिरीच्या मिरकरवाडा मासेमारी बंदरावर बर्फाच्या गाडीवर वाचला)

मराठी अक्षरं मोजू नका, घोळ तिथेच होतो. रे-फ्रि-ज-रे-श-न ही अक्षरं 6, पण इंग्रजी उच्चाराचे तुकडे 5: रि-फ्रि-ज-रे-शन. शेवटच्या 'न'ला स्वतःचा स्वर नाही. तिला हनुवटीखाली तळहात धरून सावकाश म्हणू दे, म्हणजे तुकडा कुठे संपतो ते हाताला कळेल. जोर चौथ्या 'रे'वर.

अर्थाचे तुकडे मात्र वेगळीकडे पडतात: 'रि' म्हणजे पुन्हा, मधल्या भागाच्या मुळाशी लॅटिन 'फ्रिगस' म्हणजे थंडी, आणि 'एशन'ने क्रियेचं नाम होतं.

स्पेलिंगमध्ये 'डी' अजिबात घालू नका. तो छोट्या 'फ्रिज'मध्येच येतो, कारण शब्दाच्या शेवटी आखूड स्वरानंतरचा 'ज' इंग्रजीत 'डी-जी-ई' असा लिहितात.