रंगप्रश्न : नामिबच्या किनाऱ्यावर जलरंग

प्रश्न : मी हौशी चित्रकार असून कोकण किनाऱ्यावर प्रत्यक्ष जागेवर बसून जलरंगात निसर्गचित्रे करतो. येत्या जुलैत नामिबियातील स्वाकोपमुंड आणि वॉल्विस बे येथे जाण्याचा योग आला आहे. छायाचित्रांत तेथील वाळू भगवी व आकाश गडद निळे दिसते. त्या दृष्टीने कोणते रंग न्यावेत? वाळवंटात रंग लावताक्षणीच वाळून जातील, अशीही धास्ती वाटते. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : भगव्या वाळूची छायाचित्रे आपण पाहिली असतील, ती बहुधा सोसुसव्लेईची असावीत, आणि ते ठिकाण समुद्रापासून बरेच आत आहे. तेथील वाळूच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा थर चढल्यामुळे टेकड्या तांबूस दिसतात. किनाऱ्यालगतची वाळू फिकट, पिवळसर करडी असते. यलो ऑकर, रॉ अंबर, लाइट रेड आणि कोबाल्ट ब्लू एवढ्यावर आपले काम भागेल. केशरी रंगाची नळी घरीच ठेवावी. उतारांवर जांभळट, काळसर पट्टे दिसले, तर त्यांना सावल्या समजून निळा रंग लावू नये. वारा हलके कण उडवून नेतो आणि गार्नेट, मॅग्नेटाइट यांसारख्या जड खनिजांचे कण मागे उरतात, त्यांचे ते पट्टे असतात. मूठभर वाळू तळहातावर घेऊन पाहिलीत, तर त्यातले डाळिंबी कण वेगळे ओळखू येतील.

रंग झटकन वाळण्याची धास्ती मात्र सोडून द्यावी. या किनाऱ्याला लागून बेंग्वेला हा थंड सागरी प्रवाह वाहतो, त्याच्यावरची हवा गार होऊन धुके धरते, आणि वर्षाकाठी जेमतेम काही मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात सकाळी कागद दमट होऊन बसतो. पहिला हात वाळण्याची वाट पाहण्यात वेळ घालवण्यापेक्षा आकाश, समुद्र आणि दूरची टेकडी ओल्यातच एकमेकांत मिसळू द्यावी, जवळचे तपशील धुके विरल्यावर कोरड्यावर घ्यावेत. धुक्यात छटांमधला फरक फार थोडा असतो. आपल्याकडच्या उन्हाची सवय असलेला हात तेथे गडद रंग लावून मोकळा होतो, आणि चित्राची हवाच निघून जाते. हिवाळ्यात, म्हणजे तेथे जुलैच्या सुमारास, अधूनमधून वाळवंटाकडून पूर्वेचा उष्ण, कोरडा वारा सुटतो. त्या दिवशी वाळूचा मारा इतका असतो की पेटी न उघडलेलीच बरी.

एरवी दुपारी नैऋत्येचा वारा जोर धरतो. चित्रफळी बसवण्याच्या तिपाईला कापडी पिशवी टांगून तीत तेथलीच वाळू भरावी. छत्रीचा काही उपयोग नाही. आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या चित्रकारांना हमखास चकवते. जुलैत तेथे सूर्य उत्तरेकडून जातो, त्यामुळे माध्यान्हीच्या सावल्या दक्षिणेकडे पडतात, आणि सावलीवरून दिशेचा अंदाज बांधायची आपली सवय उलटी पडते. किनारा पश्चिमेला असल्याने सकाळी टेकड्यांच्या सावल्या समुद्राच्या बाजूला पडतात. आकार उठावदार हवे असतील, तर धुके विरताच, ऊन तिरपे असेपर्यंत काम उरकावे.

जागांपैकी सँडविच हार्बरला टेकड्या थेट समुद्रात उतरतात. तेथे परवाना लागतो, शिवाय ओहोटीची वेळ जाणणारा चालक बरोबर असल्याशिवाय जाऊ नये. हेन्टीस बे या किनाऱ्यावरच्या गावाच्या दक्षिणेला झीला हे मासेमारी जहाज रुतलेले आहे. भंगारात विकले गेल्यावर ते मुंबईकडे ओढून नेले जात असताना ऑगस्ट २००८ मध्ये दोर सुटून किनाऱ्याला लागले. त्यावर पाणकावळ्यांची वस्ती असते. खडीच्या मैदानांवर मात्र रस्ता सोडून पाऊल टाकू नये, कारण तेथील दगडफूल अतिशय सावकाश वाढते आणि चाकांचे ठसे दशकानुदशके बुजत नाहीत.

प्रश्न : निर्जन किनाऱ्यावर गोडे पाणी संपल्यास समुद्राच्या पाण्यात जलरंग कालवता येतील काय? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : कालवता येतील, परंतु मिठाचे कण कागदावर राहतात, रंगात पांढुरके डाग उमटतात, आणि पुढे दमट हवेत तेच मीठ ओलावा ओढून घेते. कच्च्या टिपणापुरते चालेल. जपून ठेवायच्या चित्रासाठी गोड्या पाण्याची बाटली वेगळी ठेवावी आणि तहान लागली तरी तिला हात लावू नये.