रोज सकाळी पोट दुखतं, रविवारी नाही

"ताई, माझा मुलगा दहा वर्षांचा. जूनपासून शाळेची रिक्षा यायची वेळ झाली की त्याचं पोट दुखतं. सोनोग्राफी, रक्त, लघवी सगळं नॉर्मल. रविवारी अगदी ठणठणीत. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, ॲन्झायटी आहे, समुपदेशन करा. हे म्हणतात, नुसत्या गप्पांना कुठे पैसे द्यायचे? – एक आई, नाशिक"

त्याचं पोट खरंच दुखतं, हे आधी मनाशी पक्कं करा. भीतीने पोटात मुरडा येतो. सोनोग्राफीत दिसला नाही म्हणून तो खोटा नव्हे.

यजमानांची शंका रास्त आहे. "घाबरू नकोस रे" हे तर तुम्ही घरी फुकटात सांगताच, आणि उपयोग शून्य! उपचारातलं बोलणं निराळं असतं. त्याला सीबीटी म्हणतात, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, विचार आणि वागणं सरावाने बदलायचा उपचार. भीती नेमकी कशाची, हे मुलाकडूनच काढून घेतात. अख्खी शाळा नकोशी नसते. उभं राहून वाचताना चुकलो आणि सगळे हसले तर, एवढंच असू शकतं. मग त्याच्यासोबत पायऱ्या ठरवतात: आजीसमोर वाचायचं, मग मित्रासमोर, मग बाईंना एक प्रश्न विचारायचा, शेवटी वर्गात वाचायचं. भीती वाटेलच, पण पळायचं नाही. पळालं नाही की ती हळूहळू ओसरते, हे तो स्वतः अनुभवतो. समुपदेशक असा सराव घेतात का, हे पहिल्याच भेटीत विचारा. नाहीतर खरंच नुसत्या गप्पा होतील.

अमेरिकेत ७ ते १७ वर्षांच्या ४८८ मुलांवर झालेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. सीबीटी घेतलेल्यांपैकी साधारण ६० टक्के मुलं बारा आठवड्यांत चांगली सुधारली. औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २४ टक्के होतं. सीबीटीच्या जोडीला औषध दिलेल्यांत ८१ टक्के. म्हणून पुढे बालमानसोपचारतज्ज्ञांनी औषध सुचवलं तर दचकू नका.

एक मात्र आधी तपासा. कुणी त्याला मारतं, छळतं का? तसं असेल तर सराव बाजूला ठेवा, आधी शाळेत जाऊन बोला.

"बरं, आज राहा घरी" हे आता बंद. त्या दिवशी सुटका होते, पण उद्याची भीती वाढते. ओढत नेऊ नका, रागावू नका. "दुखतंय, कळतंय मला. तरी जाऊया" एवढंच म्हणा.

पैशांची अडचण असेल तर १४४१६ या टेलि-मानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर मराठीत, मोफत बोलता येतं. आणि पहिल्या भेटीला यजमानांना सोबत न्याच. तुम्ही शाळेची बॅग भरताय आणि ते "राहू दे गं आज" म्हणतायत, असं झालं तर पोरगं कुणाचं ऐकेल, हे मी सांगायला नको.