वाचक विचारतात : ‘रुग्णाचा आवाज’ म्हणून पदरमोड करून परिषदेला जावे का?

प्रश्न : माझा मुलगा थॅलेसेमिया मेजर या आनुवंशिक रक्तविकाराचा रुग्ण असून त्याला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. आमच्या जिल्ह्यातील अशा मुलांच्या पालकांची एक छोटी नोंदणीकृत संस्था आहे व तिचे काम मी पाहते. एक खासगी कंपनी मुंबईतील पंचतारांकित हॉटेलात आरोग्यसेवेविषयी दोन दिवसांची परिषद भरवत आहे. तीत ‘रुग्णाचा आवाज’ या चर्चेत बोलण्याचे निमंत्रण मला आले आहे. पास त्या एका दिवसापुरता आहे, प्रवास व मुक्कामाचा खर्च आम्हीच करायचा आहे, आणि दुसऱ्या दिवशी थांबायचे असल्यास रु. 25,000 शुल्क व त्यावर 18 टक्के जीएसटी भरावा लागेल. अशी संधी पुन्हा येणार नाही, असे काही विश्वस्तांना वाटते, तर काहींच्या मते हा निव्वळ अपव्यय आहे. काय करावे? – एक पालक, सांगली जिल्हा

उत्तर : या अटींवर हे निमंत्रण आपण स्वीकारू नये, असे आमचे मत आहे. अटी बदलल्या तर मात्र विचार जरूर करावा.

अशा परिषदेचा व्यवहार आधी पाहू. आयोजकांची मिळकत प्रायोजकांकडून, स्टॉलच्या भाड्यातून आणि प्रतिनिधी शुल्कातून होते. हे शुल्क भरणारे बहुतेक लोक रुग्णालय समूह, विमा कंपन्या, उपकरणे व तपासणी संच विकणारे उत्पादक आणि सॉफ्टवेअर कंपन्या यांचे असतात, आणि त्यांची फी त्यांची कंपनी भरते. व्यासपीठावर एखादी आई बसली की कार्यक्रमपत्रिकेला वजन येते आणि प्रायोजकांनाही ते हवे असते. म्हणजे आपण तेथे काही घ्यायला जात नसून द्यायला जात आहात, तरीही एस. टी. चे तिकीट आपणच काढायचे, हा उफराटा न्याय झाला. सभागृहाच्या दारातच गळ्यातल्या पट्टीच्या रंगावरून माणसांची वर्गवारी होते. निम्म्या चर्चा आणि जेवणाचे दालन ज्या पासावर बंद असते, तो पास बहुधा रुग्ण-प्रतिनिधीच्या गळ्यात असतो. खरी बोलणी तर जेवणाच्या टेबलावरच होतात.

रुग्णांनी परिषदांना जाऊच नये, असा याचा अर्थ नाही. 1983 साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे एका आरोग्य परिषदेत एड्सच्या रुग्णांनी मंचावर जाऊन आपला जाहीरनामा वाचला. एड्सविषयीच्या प्रत्येक सभेत आम्हाला इतरांइतक्याच विश्वासार्हतेने सामील करून घ्यावे, ही त्यातली एक मागणी होती. 1989 मध्ये माँट्रियलच्या आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेत तर कार्यकर्त्यांनी उद्घाटनाचे व्यासपीठच ताब्यात घेतले. त्या सभागृहांत जाण्याला अर्थ होता, कारण औषधांच्या चाचण्या कशा घ्यायच्या हे ठरवणारी माणसे समोर बसलेली होती. आपल्या निमंत्रणाबाबतही पहिला प्रश्न हाच विचारावा : आपले काम ज्याच्या हातात आहे, असा कोणी तेथे येणार आहे काय?

नॅट चाचणी (रक्तातील एचआयव्ही, काविळीचे विषाणू लवकर ओळखणारी तपासणी) केलेले रक्त सर्वच रक्तपेढ्यांत मिळत नाही, ही आपल्यासारख्या पालकांची जुनी तक्रार आहे. तिचा पाठपुरावा राज्य रक्त संक्रमण परिषदेकडे आणि सार्वजनिक आरोग्य विभागाकडे करायचा असतो. चाचणीचे संच विकणाऱ्या कंपनीच्या स्टॉलवर माहितीपत्रक मिळेल, निर्णय मिळणार नाही. हा आजार बरा करू शकणाऱ्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून 10 लाख रुपयांपर्यंत मदत मिळते, पण ती ठरावीक रुग्णालयांतच. तेथपर्यंत कुटुंबांना पोहोचवणे हे आपल्या संस्थेचे काम, आणि परिषदेच्या शुल्कापोटी जाणारे रु. 29,500 या कामी लागू शकतात. ती रक्कम लोकवर्गणीतून आली आहे, हे ‘संधी’चा आग्रह धरणाऱ्या विश्वस्तांना सांगायला हवे.

रुग्णांना मोठे यश कोठे मिळाले, हेही पाहावे. क्षयरोगातून बऱ्या झालेल्या मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी 2019 मध्ये बेडाक्विलीन या औषधाच्या पेटंटची मुदत लांबवणाऱ्या अर्जाला हरकत घेतली, आणि मार्च 2023 मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने जॉन्सन अँड जॉन्सनचा तो अर्ज फेटाळला. रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेक या औषधाबाबत मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने घेतलेली हरकतही अशीच, आणि तिचा शेवट 1 एप्रिल 2013 रोजीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात झाला. या दोन्ही लढतींना कागदपत्रे, वकील आणि चिकाटी लागली. त्यात प्रतिनिधी शुल्काचा प्रश्नच नव्हता.

तरीही उपस्थितांच्या यादीत आपल्या कामाचा माणूस असेल, उदाहरणार्थ वारंवार रक्त चढवल्याने शरीरात साठणारे लोह बाहेर काढणाऱ्या गोळ्यांच्या किमतीवर बोलू शकेल असा उत्पादकाचा अधिकारी, तर जाणे योग्य ठरेल. मात्र अटी आपल्या असाव्यात. रुग्णांना परिषदेत खऱ्या अर्थाने सामील करून घेणाऱ्या आयोजकांसाठी 2015 मध्ये ‘पेशंट्स इन्क्लुडेड’ नावाची एक सनद तयार झाली. कार्यक्रम ठरवण्यात रुग्णांचा सहभाग असावा, सर्व सत्रे त्यांना खुली असावीत, आणि कार्यक्रमात भाग घेणाऱ्यांचा प्रवास व मुक्कामाचा खर्च पूर्ण व आगाऊ द्यावा, असे ती सांगते. ‘आगाऊ’ या अटीवर आपण अडून बसावे, असे आम्ही सुचवू. पावत्या जोडून पैसे नंतर मिळणे म्हणजे नफ्यातील कंपनीला पालकांनी बिनव्याजी उसने देणे होय, आणि ते परत मिळायला अनेकदा महिने लागतात. आयोजकांऐवजी एखादी औषध कंपनी खर्च उचलायला तयार झाली, तर तो पैसा संस्थेच्या हिशेबात तिच्या नावानिशी दाखवावा, आणि व्यासपीठावरून बोलताना आरंभीच ते सांगावे. ते सांगणे अवघड वाटत असेल तर पैसा घेऊ नये.

आयोजकांना चार ओळींचे पत्र पाठवावे : दोन्ही दिवसांचा पूर्ण पास, आगाऊ प्रवास व मुक्काम खर्च, मानधन, चर्चेतील इतर वक्त्यांची नावे, आणि आपले भाषण संस्थेला विनामूल्य वापरता येईल अशी चित्रफीत. मुलाच्या रक्त चढवण्याची तारीख परिषदेच्या दिवसांत येत असेल तर दूरस्थ पद्धतीने बोलण्याची मुभाही मागावी. आठ-दहा दिवसांत होकार आला नाही तर नम्रपणे नकार कळवावा, आणि नॅट चाचणीविषयीचे निवेदन सर्व पालकांच्या सह्यांनिशी राज्य रक्त संक्रमण परिषदेकडे पाठवून त्याची पोच घ्यावी.