नॅनोनलिका प्लॅस्टिकमध्ये विखुरताना

प्रश्न : आम्ही इलेक्ट्रॉनिक सुटे भाग ठेवण्यासाठी पॉलिकार्बोनेटचे ट्रे तयार करतो. स्थिर विद्युत साचू नये म्हणून त्यांत वजनाने १८ टक्के कार्बन ब्लॅक (काजळीसारखी बारीक कार्बनची भुकटी) घालावे लागते. त्यामुळे ट्रे ठिसूळ होतात आणि त्यांची काजळी भागांना लागते. पर्याय म्हणून २ टक्के बहुभित्तिक कार्बन नॅनोनलिकांची (एकात एक बसलेल्या, कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्यांची) भुकटी दाण्यांबरोबर थेट इंजेक्शन मोल्डिंग यंत्राच्या हॉपरमध्ये (दाणे ओतण्याच्या नसराळ्यात) घातली, परंतु ट्रे विद्युतरोधकच राहिले. प्रमाण वाढवल्यास खर्च परवडणार नाही. काय करावे?

उत्तर : नलिकांचे प्रमाण तूर्त वाढवू नये. पॉलिकार्बोनेटसाठी २ टक्के बहुधा पुरेसे असतात. आपल्या ट्रेमध्ये नलिका एकमेकींपासून सुट्याच झालेल्या नसाव्यात.

प्लॅस्टिकमधून वीज वाहण्यासाठी त्यातील कार्बनचे जाळे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड जुळावे लागते, आणि ते ज्या प्रमाणाला प्रथम जुळते तेथे वाहकता एकाएकी लाखो पटींनी वाढते. सामान्य प्रतीच्या कार्बन ब्लॅकला त्यासाठी १५ ते २० टक्के लागतात. नलिकेची जाडी सुमारे १० नॅनोमीटर आणि लांबी एक मायक्रोमीटर किंवा अधिक असल्याने, सर्व दिशांना विखुरलेल्या नलिकांचे जाळे आकारमानाच्या एका टक्क्याहूनही कमी प्रमाणात जुळू शकते. मात्र हा हिशेब सुट्या नलिकांचा आहे. भुकटीच्या एकेका गुठळीत लाखो नलिका गुंतलेल्या आणि व्हॅन डर वाल्स आकर्षणाने घट्ट धरलेल्या असतात. मोल्डिंग यंत्राचा स्क्रू मुख्यतः दाणे वितळवून पुढे ढकलण्यासाठी असल्याने तो त्या फोडू शकत नाही.

गुठळी फुटण्यासाठी आधी वितळलेले प्लॅस्टिक तिच्या आत मुरावे लागते आणि मग ती जोरदार कातर-बलाखाली (थर एकमेकांवरून घसरवणाऱ्या बलाखाली) यावी लागते. म्हणून १५ ते २० टक्के नलिका असलेला तयार मास्टरबॅच (नलिका आधीच दाट मिसळलेले प्लॅस्टिकचे दाणे) घ्यावा आणि तो ट्विन-स्क्रू एक्स्ट्रूडरवर (दोन स्क्रूंच्या मिश्रणयंत्रावर) पॉलिकार्बोनेटमध्ये विरळ करून मगच मोल्डिंग करावे. मास्टरबॅचचा आधार पॉलिकार्बोनेटच असावा आणि दोन्ही दाणे नीट वाळवलेले असावेत. मास्टरबॅचमुळे सुटी भुकटी हवेत उडण्याचा धोकाही कमी होतो, आणि हा मुद्दा मी खर्चाइतकाच महत्त्वाचा मानतो : अमेरिकेच्या ‘नायॉश’ या कामगारांच्या सुरक्षा व आरोग्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेने २०१३ साली कामाच्या जागी हवेतील नॅनोनलिकांसाठी घनमीटरला केवळ १ मायक्रोग्रॅम, तोही आठ तासांच्या सरासरीने, एवढीच मर्यादा सुचवली आहे. हॉपरमध्ये भुकटी ओतणे आजच थांबवावे.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. मिश्रण जितके अधिक तितके चांगले, असे नाही. अति कातर-बलाने नलिका तुटून आखूड होतात आणि जाळे जुळण्यास लागणारे प्रमाण पुन्हा वाढते. शिवाय प्रत्येक नलिका प्लॅस्टिकच्या थरात स्वतंत्रपणे गुंडाळली गेली तर इलेक्ट्रॉनांना एकीवरून दुसरीवर जाता येत नाही, कारण ते जेमतेम काही नॅनोमीटरची फट ओलांडू शकतात. सूक्ष्मदर्शकाखाली अतिशय एकसारखे दिसणारे मिश्रण त्यामुळे कमी वाहक निघू शकते. स्क्रूचा वेग ठरवताना प्रत्येक टप्प्यावर रोध मोजणे, हीच विश्वासाची कसोटी आहे.

मिश्रण उत्तम असूनही दोष मोल्डिंगमध्ये राहू शकतो. पातळ भिंतीच्या थंड साच्यात वितळ वेगाने भरली की नलिका प्रवाहाच्या दिशेने आडव्या होतात, त्यांचे परस्परस्पर्श तुटतात आणि पृष्ठभागाचा थर रोधक बनतो. म्हणून त्याच मालाची एक चकती गरम प्रेसमध्ये सावकाश दाबून तिचा रोध मोजावा. चकती वाहक आणि ट्रे रोधक निघाला, तर वितळीचे व साच्याचे तापमान वाढवून भरण्याचा वेग कमी करावा. दोन्ही रोधक निघाले, तर एक्स्ट्रूडरकडे परत जावे.

खर्चाची तुलना किलोच्या भावाने केल्यास नॅनोनलिका महागच ठरतील. ती एका स्वीकारार्ह ट्रेच्या हिशेबाने करावी आणि त्यात ठिसूळपणामुळे फुटलेले व काजळीमुळे परत आलेले ट्रे धरावेत. स्थिर विद्युत सावकाश निचरण्यासाठी १०⁶ ते १०⁹ ओहमचा पृष्ठरोध साधारणपणे पुरतो. पण जाळे नुकतेच जुळते तेथे प्रमाणानुसार वाहकतेचा आलेख फार चढा असतो आणि वजनातील किरकोळ फरकानेही ट्रे या मर्यादेबाहेर जातो. त्यामुळे प्रमाण काटेकोर बेतून केलेली बचत नाकारलेल्या मालात निघून जाते. ग्राहकाला याहून कमी रोध चालत असेल, तर किंचित अधिक प्रमाण ठेवणेच शेवटी स्वस्त पडते.

प्रश्न : नलिका सहज विखुराव्यात म्हणून त्या आधी आम्लात उकळून घ्याव्यात का?

उत्तर : वाहकता हा हेतू असेल, तर नाही. तीव्र आम्लाने नलिकेच्या भिंतीवर ऑक्सिजनयुक्त गट बसतात आणि ती ध्रुवीय (ज्याच्या रेणूंत विद्युतभार असमान विभागलेला असतो अशा) प्लॅस्टिकशी अधिक जुळते हे खरे. परंतु ज्या अखंड कार्बन-जालावरून इलेक्ट्रॉन वाहतात तेच जागोजागी तुटते आणि नलिका आखूडही होतात. केवळ मजबुती हवी असल्यास ही प्रक्रिया उपयोगी पडू शकते. पॉलिप्रोपिलीनसारख्या अध्रुवीय प्लॅस्टिकमध्ये वाहकता हवी असेल, तर मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेले पॉलिप्रोपिलीन थोड्या प्रमाणात मिसळून पाहावे; त्यात नलिकेच्या भिंतीला धक्का लागत नाही.